हातोडीला कुणाचा हात लागला

दातांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, समुद्राच्या पाण्याची एक मोठी काचेची टाकी होती. तिची देखभाल करणाऱ्याला सगळे फिटरकाका म्हणत. काकांनी बत्तीस वर्षं कारखान्यात पाइप जोडले होते. जोड उघडून बघितला की ते सांगायचे, हा कुणाचा हात आहे. कुणी टेप गुंडाळायला कंजूष, कुणी आटे मरेपर्यंत आवळणारा. त्यांच्या स्वतःच्या जोडावर टेपचे मोजून सात वेढे असत आणि शेवटचं टोक अंगठ्याच्या नखाने चपटं दाबलेलं असे. कामचोर माणसाला सात वेढे घालवत नाहीत, असं त्यांचं मत होतं.

टाकीतल्या दगडांवर प्रवाळ होते. दिसायला झुडपं, पण जिवंत प्राणी. त्यातलं एक काकांचं लाडकं. त्याच्या बोटांची टोकं हातोडीसारखी, म्हणून काका त्याला हातोडीच म्हणत. आणली तेव्हा तिला दोन तोंडं होती. पाच वर्षांत अकरा झाली. रोज सकाळी दिवा लागला की ती फुलायची, आणि ती फुलल्याशिवाय काका चहाला हात लावत नसत.

एका सोमवारी ती फुलली नाही.

काकांनी पाण्याचा खारेपणा मोजला. बरोबर. उष्णता, क्षार, दिव्याचे तास, सगळं बरोबर. आकडे त्यांनी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिले. गुरुवारी पुन्हा मोजले. आकडे तेच, हातोडी मात्र आणखी आखडलेली. दोन तोंडांचं मांस सुटून खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागला होता. काचेवर फिरणाऱ्या गोगलगायी तळाशी पडल्या होत्या. मासे ठणठणीत आणि गोगलगायी गार.

"यात कुणाचा तरी हात आहे," काका घरी म्हणाले.

"तुम्ही सगळ्या जगावर संशय घेता," बायको म्हणाली. "आरसा तेवढा सुटतो."

काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. दवाखान्यात ते आता कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून पाळत ठेवू लागले. डॉक्टरांचा कंपाउंडर खोलीत सुगंधी फवारा मारायचा. काकांनी फवारा काढून घेतला. एक पेशंट काचेवर बोट आपटत होता. काकांनी त्याला उठवून दुसरीकडे बसवलं. फरक पडला नाही. पाव टाकी पाणी बदललं की हातोडी दोन दिवस जरा उघडायची, मग पुन्हा मिटायची. म्हणजे कुणीतरी रोज काहीतरी घालत होतं.

माशांच्या दुकानदाराला त्यांनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, तांबं तपासलंत?"

"समुद्राच्या पाण्यात तांबं कुठून येणार?"

"ते मला काय माहीत? पण माशांना चालतं त्या मात्रेत गोगलगायी जातात. प्रवाळही जातात."

याला चाचणीची बाटली खपवायची आहे, असं काकांना वाटलं. तरी बाटली घेतली. नळीतल्या पाण्यात थेंब टाकले. पाणी निळं झालं.

तांबं होतं.

त्याच वेळी साफसफाईच्या मावशी समोर फरशी पुसत होत्या. फडकं पिळताना त्यांच्या मनगटावर काहीतरी चमकलं. सांधे दुखतात म्हणून घातलेलं तांब्याचं कडं.

"मावशी, टाकीत हात घालता का तुम्ही?"

"मी? त्या डबक्यात? फरशीचं पाणी पुरतं मला."

"मग काचेवर आतून डाग नसतात ते कसे?"

"अहो, ते तुम्हीच पुसता की! स्वतःचं कामही विसरायला लागलात?"

बाई फार फटकळ बोलते, म्हणजे दडवते आहे, असा काकांनी हिशेब मांडला आणि सरळ डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर बाई शांत होत्या, पण टाकी त्यांचीही हौस होती. त्यांनी मावशींना बसायच्या खोलीत जायला बंदी केली. सोमवारपासून कामाला दुसरी बाई ठेवते, असंही सांगितलं. मावशी नऊ वर्षं त्या दवाखान्यात होत्या. काकांसमोरून जाताना त्यांनी कडं काढून पदरात बांधलं.

काकांनी अर्धी टाकी पाणी बदललं, तांबं शोषायला कोळशाची पिशवी सोडली. नळीतला रंग फिका झाला. हातोडी थोडी उघडली. बुधवार गेला, गुरुवार गेला. खोलीची फरशी आता काका स्वतः पुसत होते. शुक्रवारी सकाळी थेंब टाकले आणि नळी पुन्हा निळी.

काका नळी धरून उभे राहिले. मावशी तीन दिवस या खोलीत आल्या नव्हत्या.

मग ते खरं कामाला लागले. गळती शोधताना पाण्याच्या उलट दिशेने जायचं असतं. टाकीतल्या पाण्याने नळी निळी. टाकीखालच्या कपाटातल्या हौदाच्या पाण्यानेही निळी. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी वरच्या पिंपातून शुद्ध पाणी हौदात थेंबथेंब यायचं. पिंपातलं तपासलं, स्वच्छ. पिंप आणि हौद यांच्यामध्ये फक्त एक बॉलकॉक होता, हौद भरला की पाणी आपोआप बंद करणारा. त्याच्या तोंडाशी वाटी धरली. वाटीतल्या पाण्याने नळी शाईसारखी झाली.

बॉलकॉक पितळी होता. आतून हिरवा पडलेला. पितळात तांबंच असतं, हे कारखान्यातल्या शिकाऊलाही ठाऊक.

काकांनी आटे सोडले. टेप उलगडली. एक, दोन, तीन. सात वेढे. टोक नखाने चपटं दाबलेलं.

दीड महिन्यापूर्वी तिथला प्लास्टिकचा बॉलकॉक अडकला होता. प्लास्टिकला काय काम म्हणायचं, असं पुटपुटत त्यांनी घरच्या पेटीतला पितळी आणून बसवला होता. नवऱ्या मुलीसारखा घासूनपुसून. आणि विसरले होते, कारण स्वतःचा जोड ते पुन्हा तपासत नसत.

पाच मिनिटं ते कपाटासमोर मांडी घालून बसले. बॉलकॉक खिशात जाऊ शकत होता. प्लास्टिकचा बसवला असता तर कुणाला कळलं नसतं. हातोडी सुधारली असती, आणि सोमवारी दुसरी बाई आली असती.

ते उठले. डॉक्टर एका पेशंटच्या तोंडात वाकल्या होत्या. मावशी दारात, मागची खोली झाडून आलेल्या.

"डॉक्टर, हे बघा."

"काका, पेशंट आहे."

"त्यांचं तोंड बंदच होऊ शकत नाही, ते मध्ये बोलणार नाहीत. हा पितळी बॉलकॉक. तांबं यातून येत होतं. मी बसवला. मावशींचा काही संबंध नाही."

डॉक्टरांनी मास्क खाली केला. "नक्की?"

"जोड माझा आहे. ओळखतो मी हात."

खुर्चीतल्या पेशंटने डोळे फिरवून मावशींकडे पाहिलं. डॉक्टरही पाहत होत्या. "मावशी, सोमवारचं मी रद्द करते. तुम्ही थांबाल ना?"

"बघते," मावशी म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. "तुम्ही फरशी पुसली ना तीन दिवस? कोपऱ्यात मळ तसाच आहे. सोफ्याखाली फडकंच गेलं नाही."

"गेलं होतं."

"मी पण हात ओळखते, काका."

काकांनी बादली भरून आणली, गुडघे टेकले आणि सोफ्याखाली फडकं घातलं. मावशी उभ्या राहून बघत होत्या. दुसऱ्यांदा पुसायला लावलं तेव्हा त्यांनी पदराची गाठ सोडली आणि कडं मनगटात चढवलं.

हातोडीची चार तोंडं गेली. सात राहिली.