वॉल्टरच्या बोटीला वेग हवा होता

थ्रॉटल पूर्ण उघडलेला होता. मोटर जीव तोडून ओरडत होती. आणि आमच्या डाव्या बाजूने एक पेलिकन, पंखसुद्धा न हलवता, निवांत पुढे निघून गेला.

"बघितलंस?" मागून वॉल्टर ओरडला. "हे रोजचं आहे."

मी पुढच्या बाकावर फोनमधला जीपीएस धरून बसले होते. आकडा पाहिला आणि फोन खिशात ठेवला. एवढ्या वेगाने विनिपेगमध्ये लोक सायकल चालवतात.

आता मी एका ऑफिसात बसते. दिवसभर स्क्रीन, मीटिंग्ज, आणि संध्याकाळी हात सकाळइतकेच स्वच्छ. पण भंडाऱ्याहून मेकॅनिकल इंजिनीअरिंग करून इथे आल्यावर माझी पहिली नोकरी होती शहराच्या उत्तरेला, तळ्याकाठच्या एका बोट-रिपेअर शॉपमध्ये. मालक ग्लेन आणि मी, एवढेच आम्ही. पत्र्याची शेड, ऑइलचा वास, आणि हीटर असा की त्याच्यासमोर उभं राहिलं तर पाठ गार आणि त्याच्याकडे पाठ केली तर नाक गार. ग्लेनने दोन वर्षांपूर्वी ते विकलं. आता तिथे कयाक भाड्याने देतात. मी त्या रस्त्याने गेले की अजूनही गाडी आपोआप हळू होते.

वॉल्टर आमचं जुनं गिऱ्हाईक. सत्तरी ओलांडलेला, रिटायर्ड स्कूल बस ड्रायव्हर. मी सुरुवातीला त्याला मिस्टर लावून हाक मारायची. "शाळेतली पोरंसुद्धा मला वॉल्टर म्हणायची," असं म्हणून त्याने ते बंद करायला लावलं. त्याची बोट चौदा फुटी, अ‍ॅल्युमिनियमची, बूड परातीसारखं चपटं. बदकांच्या शिकारीला अशीच बोट लागते. दलदलीत, पाणकणसाच्या बेटांमधून, जेमतेम गुडघाभर पाण्यातून ती नेता येते.

"मोठी मोटर लावा ना," वॉल्टर शॉपमध्ये परत आल्यावर म्हणाला. "चाळीस हॉर्सपॉवरची."

ग्लेनने बोटीच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर बोट ठेवलं. बोटीला जास्तीत जास्त किती ताकदीची मोटर चालेल ते तिथे लिहिलेलं असतं. वॉल्टरची पंचवीसची मोटर त्या मर्यादेवरच होती.

"सगळे लावतात," वॉल्टर म्हणाला.

"माझ्या शॉपमध्ये नाही. मागची फळी फाटून मोटर तळाला गेली तर तू पोहत येशील का? नवी बोट घे, सरळ."

"नवी नको." वॉल्टरने टोपी काढली, परत घातली. मला वाटलं, आता हा उठून जाणार.

मी विचारलं, "वॉल्टर, तुला एवढी घाई कसली आहे?"

तो हीटरकडे वळला. मग म्हणाला, "आयरीनला नेता येत नाही."

आयरीन त्याची थोरली बहीण. वडिलांनी दोघांना लहानपणी शिकारीला नेलं, तेव्हापासून एकही हंगाम दोघांनी चुकवला नव्हता. त्यांची जागा तळ्याच्या खाडीपलीकडे, पाण्यात घुसलेल्या एका टोकावर होती. पण आयरीनच्या कमरेचं, म्हणजे हिपचं, ऑपरेशन झालं होतं. थंडीत, त्या कडक बाकावर, इतका वेळ तिला बसवेना. गेल्या हंगामात अर्ध्या वाटेतून परत फिरावं लागलं.

"तिने नादच सोडलाय," वॉल्टर म्हणाला. "आणि आता म्हणते, यंदा तू एकटा जा."

ग्लेनने माझ्याकडे पाहिलं. "रेवती, बोट आत घे."

आधी थोडं बोटीबद्दल सांगते. चपट्या बुडाची बोट हळू असते तेव्हा पाणी ढकलत जाते. पुरेसा वेग आला की ती पाण्यावर चढते आणि वरच्यावर घसरत जाते, आपण तळ्यात चपटा दगड भिरकावतो तशी. याला प्लेन होणं म्हणतात. वॉल्टरची बोट दोन माणसं बसली की प्लेनच होत नव्हती. सगळी ताकद पाणी ढकलण्यात जात होती. म्हणजे प्रश्न मोटरचा नव्हता. बोटीला काय अडवतंय, हा होता.

पहिला संशय वजनाचा. बोट होइस्टच्या साखळीने उचलली आणि ग्लेन म्हणाला, "ही गाभण आहे की काय?" बाकांच्या आत फोम भरलेला असतो, बोट बुडू नये म्हणून. आम्ही बाक उघडले. आतला फोम वर्षानुवर्षांचं पाणी पिऊन ओल्या गादीसारखा झाला होता. एका माणसाला उचलेना. तो काढला, नवा भरला.

दुसरी गोष्ट बुडाला सापडली. बोट उलटी करून मी एक लांब सरळ पट्टी तिच्या बुडावर लावली. मागच्या टोकाशी पत्रा पाण्याच्या बाजूला किंचित वाकला होता. ट्रेलरवरच्या आधाराच्या फळ्या आखूड होत्या. मोटरचं ओझं वर्षानुवर्षं अधांतरी लोंबत राहिलं आणि बूड वाकलं. आमच्या भाषेत याला हुक म्हणतात. दिसायला काहीच नाही, पण वेगात हे वाकलेलं बूड मागचा भाग वर उचलतं आणि बोटीचं नाक पाण्यात दाबतं. आपण वर चढायला बघावं आणि कोणीतरी मान धरून खाली ढकलावं, तसं. दोन दिवस जॅक आणि लाकडाचे ठोकळे लावून आम्ही ते सरळ केलं. ग्लेन ठोकायचा, मी पट्टी लावून बघायची, आणि तो दर वेळी विचारायचा, "Now?" आणि मी म्हणायची, "अजून थोडं." शेवटी हे दोन मराठी शब्द त्याला पाठ झाले. पुढे तो कॉफी ओतणाऱ्या मुलीलासुद्धा तेच म्हणायला लागला.

ट्रेलरच्या फळ्या लांब केल्या. मोटर गरजेपेक्षा खोल बसवली होती, ती वर घेतली. आणि शेवटी प्रॉपेलर बदलला. प्रॉपेलरला पिच असते, म्हणजे एका फेऱ्यात तो पाण्यात किती पुढे सरकेल ते, स्क्रूच्या आट्यांसारखं. बोट हलकी झाल्यामुळे आता जास्त पिच झेपणार होती.

वॉल्टर आणि मी परत पाण्यात गेलो. त्याने थ्रॉटल उघडला, नाक वर आलं, मग खाली बसलं, आणि बोट सुटली. आकडा आधीच्या जवळजवळ दुप्पट होता. वॉल्टर काहीतरी ओरडत होता, वाऱ्यात ऐकू आलं नाही. मी पण ओरडत होते. किनाऱ्यावर ग्लेनने दोन्ही हात वर केले होते. नोकरीत असे क्षण फार येत नाहीत. मला वाटलं, काम झालं.

शनिवारी आयरीन आली. काठी, लाल विणलेली टोपी, बोलणं मोजकं. वॉल्टरने तिला पुढच्या बाकावर बसवलं, खाली उशी दिली. मी मध्ये, वॉल्टर मागे मोटरचा दांडा धरून. वाऱ्याने पाण्यावर वीतभर लाटा उठल्या होत्या.

बोट प्लेन झाली आणि आपटायला लागली. धप, धप, धप. चपट्या बुडाला पाणी कापता येत नाही, ते लाटेवर थापटी मारतं. हळू असताना जाणवत नाही. वेग वाढला तसे दणके वाढले. आयरीनने दोन्ही हातांनी कड घट्ट धरली. मग तिने एक हात वर केला. वॉल्टरने थ्रॉटल बंद केला.

बोट जागच्या जागी डुलत राहिली.

"छान बोट झाली, वॉल्टर," आयरीन म्हणाली. "तू जात जा."

वॉल्टरचं तोंड पाहवेना. मला स्वतःचा राग आला. मी बोट वेगवान केली होती, बाईला पोचवायचं राहूनच गेलं होतं. आणि तेव्हा माझं लक्ष गेलं, की मागे बसलेल्या वॉल्टरला काहीच झालं नव्हतं. त्याच्या मांडीवरचा कॉफीचा मगसुद्धा सांडला नव्हता. दार बिजागरीपाशी कमी हलतं आणि कडेला जास्त, तसं बोटीचं आहे. आपटतं ते नाक. मागचा भाग जवळपास जागेवर राहतो.

"आयरीन, तू कधी बोट चालवली आहेस?" मी विचारलं.

"हा देतो का कधी?"

"डॅडींनी दांडा माझ्याकडे दिला होता," वॉल्टर म्हणाला.

"कारण तू रडत होतास. सहा वर्षांचा होतास."

किनाऱ्याला आलो. ग्लेनने एक पाठ टेकता येणारी, स्प्रिंगवाली सीट शोधून आणली, ती आम्ही मागच्या बाजूला मधोमध बसवली. अंग पिळावं लागू नये म्हणून दांड्याला एक पाइप जोडून तो लांब केला. वॉल्टरला पुढच्या बाकावर बसायला सांगितलं. तो कुरकुरला, पण बसला. मी किनाऱ्यावरच थांबले.

आयरीन आधी हळू गेली. मग तिने थ्रॉटल उघडला, आणि उघडतच गेली. वॉल्टर तिच्यापेक्षा चांगला जाडजूड. त्याचं वजन पुढे गेल्यामुळे बोट आधीपेक्षा लवकर प्लेन झाली. ती खाडीचा वळसा घेऊन आमच्यासमोरून गेली तेव्हा आयरीन ताठ बसली होती, आणि पुढे वॉल्टर टोपी दाबून धरत उडत होता.

"हळू!" तो ओरडला.

तिने आणखी एक फेरी मारली.

त्या हंगामात दोघं त्यांच्या टोकावर दर आठवड्याला गेले. ऑक्टोबरमध्ये आयरीन शॉपमध्ये जंगली तांदळाची पिशवी घेऊन आली. बदकं आणणार होती, पण मी खात नाही हे ग्लेनने तिला सांगितलं होतं. मी त्या काळ्या तांदळाचा मसालेभात केला, शिजायला तासभर लागला, पण चांगला झाला. वॉल्टर बाहेर बोटीपाशी उभा होता. मी विचारलं, कशी चालते?

"फार जोरात," तो म्हणाला. "थोडी कमी करता येईल का?"

या धंद्यात एक गोष्ट शिकले. गिऱ्हाईक वेग मागायला आलं की मोटरचं झाकण नंतर उघडावं. बोटीत कोण कुठे बसणार, ते आधी विचारावं.