समोरच्या दुकानातली लाल ढाल

चामोर्शीत अजूनही कोणीतरी म्हणतं, की माझ्या समोरचा दुकानदार कंत्राटदारांच्या सह्या चोरायचा. त्याने एकही सही चोरली नाही. तो संशय मी पेरला होता.

दोन हजारच्या दशकातली शेवटची वर्षं. बाजाररस्त्यावर माझी कम्प्युटर इन्स्टिट्यूट होती. समोरचा आधी रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने एक कम्प्युटर आणला, ई-टेंडर भरून देऊ लागला आणि सारे लहान कंत्राटदार तिकडे वळले. कंत्राटदाराची डिजिटल सही पेनड्राइव्हसारख्या चावीत असायची. आमच्याकडची माणसं ती पासवर्डसकट दुकानातच ठेवून जायची. त्याच्या भिंतीवर त्या चाव्या ओळीने टांगलेल्या, प्रत्येकीखाली गावाचं नाव. माझ्या भिंतीवर नागपूरच्या कोर्सचं सर्टिफिकेट. माझा जळफळाट व्हायचा.

टेंडरची साईट उघडली की त्याच्या पडद्यावर लाल ढाल आणि ‘या साईटचं प्रमाणपत्र भरवशाचं नाही’ असा इशारा यायचा. कंत्राटदार मला विचारायला आले.

कारण मला माहीत होतं. साईट खरी असल्याचं प्रमाणपत्र देणाऱ्या कुठल्या संस्थांवर विश्वास ठेवायचा, याची यादी ऑपरेटिंग सिस्टीम बनवणारी कंपनी ठरवते आणि ती सिस्टीमसोबतच येते. त्या साईटला प्रमाणपत्र देणारी संस्था आपल्याच देशातली, कायदेशीर. पण तेव्हा यादीत नव्हती. तिचं नाव हाताने टाकावं लागे. मी माझ्याकडे टाकलं होतं. नाव नसलं की सिस्टीम एवढंच म्हणते, मी याला ओळखत नाही. चोर म्हणत नाही.

मी म्हणालो, “कम्प्युटरच सांगून राह्यला ना भाऊ, भरोसा ठेवू नका. मी काय वेगळं सांगू?”

लोक चाव्या काढून नेऊ लागले. मग तो स्वतः आला.

“सर, ते लाल काऊन येते? तुमच्याइथी तर नाई येत.”

यादीत ते नाव टाकणं थोड्या वेळाचं काम होतं. मी त्याला मशीन जुनं झाल्याचं सांगितलं. त्याने खरंच नवं आणलं. यादी तीच, त्यामुळे नव्यावरही ढाल आली. मग उरलेल्यांचीही खात्री पटली, की खोट माणसातच आहे.

दुकान बंद केलं त्या दिवशी शिल्लक चाव्या त्याने माझ्या टेबलावर ठेवल्या. मालक बाजाराला आले की देऊन द्या, म्हणाला. “तुमच्याइथी सेफ राहीन, सर.”

मालक आले. राहू द्या इथीच, असं मी म्हणालो, आणि त्यांनी खुशीने राहू दिल्या.