रक्तातलं लोखंड

अंबरनाथच्या ठाण्यात फौजदार असताना हाताळलेला एक गुन्हा मी अजून विसरलेलो नाही. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात भंगार उचलण्यासाठी क्रेनला टांगलेलं मोठं वीजचुंबक होतं. आठवड्यात दोनदा कुणीतरी त्याची वायर तोडली. दोन्ही वेळा दुपारच्या सुट्टीत, वीज बंद असताना. मॅनेजरनी फिर्याद दिली. पंचनाम्याच्या वेळी तुटलेली टोकं पाहून हवालदार म्हणाले, "साहेब, हा कोयत्याचा घाव आहे."

संशय कामावरून काढलेल्या एका फिटरवर होता. त्याला मी दोन दिवस उलटसुलट प्रश्न विचारले. त्याचं एकच उत्तर होतं. "मी कारागीर आहे, साहेब. तोडायचीच असती, तर पकडीने तोडली असती." मला ते पटलं. त्याला सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी गेटसमोरच्या सिंधी चहावाल्याने खबर दिली. "साब, चुंबकवाल्याची बायको रोज भाकर घेऊन येते ना, ती आजकल पीछेच्या तारेच्या कुंपणातून जाते. रस्ता तर इधरसे आहे."

चुंबकावर काम करणारा तो माणूस बदलापूरकडच्या डोंगरपाड्यातला. नवराबायको दोघांनाही ठाण्यात बोलावलं. तो पांढराफटक पडलेला, दोन पायऱ्या चढून धापा टाकत होता. मी तिला बसायला सांगितलं आणि वायरीचं विचारलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"मीच तोरली, कोयत्यानं. कंपोंडर बोलला, याच्या रगतातला लोखंड कमी झालाय. मंग कुठं गेला तो? दिसभर त्या चुंबकाखाली उभा ऱ्हातो यो. त्यानंच खेचला."

हवालदार हसले. मला मात्र हसू आलं नाही. तिच्या जागी मीही कदाचित असाच हिशेब केला असता.

दोघांना घेऊन सरकारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नवऱ्याच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि जवळ लोहचुंबक धरलं. थेंब हलला नाही. बाई म्हणाली, "याच्यातला गेलाच हाय. तो काय हलंल? सायबाचा काढा!"

मी बोट पुढे केलं. माझाही थेंब जागचा हलला नाही. तिने चुंबक स्वतःच्या हातात घेऊन दोन्ही थेंबांजवळ फिरवून पाहिलं.

"रक्तातलं लोह भंगारासारखं खेचलं जात नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. तपासणीत त्याच्या पोटात जंत निघाले. अनवाणी शेतात राबणाऱ्यांना ते होतात; हाही पावसाळ्यात पाड्यावर शेतात राबायचा, आणि तेच जंत त्याचं रक्त पीत होते. औषध आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन-तीन महिन्यांत गडी रंगावर आला आणि पुन्हा त्याच चुंबकावर उभा राहिला. गुन्हा कबूल होता, पण मॅनेजरनी तिच्या बाजूने अर्ज दिला आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांनी समज देऊन तिला सोडलं.

घाबरलेल्या माणसाला दरडावून गप्प करता येतं, पण त्याची भीती जात नाही. ती त्याच्या डोळ्यांदेखत तपासून दाखवावी लागते. त्यानंतर नोकरीत असेपर्यंत, ठाण्यात कुणी भलतंसलतं सांगू लागलं की मी आधी त्याला खुर्ची द्यायचो आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यायचो.