फ्यामिली

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं त्या काळातली गोष्ट. माझं माहेर हिवरखेडचं, भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. लग्न होऊन मी अकोल्याच्या जुन्या शहरात आले. नवरा कापूस खरेदी करणाऱ्या एका विलायती कंपनीत कारकून होता. चारचौघांत तो माझी ओळख करून द्यायचा, "ही आमची फ्यामिली." तेव्हा शिकलेले पुरुष बायकोला तसंच म्हणत. मला शब्द कळत नव्हता, पण ऐकायला बरा वाटायचा.

सासूबाईंच्या पायाला जखम झाली आणि ती चिघळली. मलमपट्टीला मिशनच्या दवाखान्यातली नर्स घरी येऊ लागली. ती गोव्याची ख्रिस्ती बाई, माझ्याहून थोडी मोठी, एकटीच राहायची. पांढरं पातळ, पायात बूट. ती यायची त्या दिवशी नवरा कचेरीतून लवकर परतू लागला. पट्टी झाली की दोघं ओसरीवर बोलत बसत आणि मी चुलीपाशी कान देऊन भाकरी थापत राही.

एकदा तो तिला म्हणाला, "बाई, आमचा साहेब इटलीचा. तो घरच्या मानसायले फामिल्या म्हणते. इंग्रजीत फ्यामिली. हे जुळलं कसं?"

"आमच्याकडे पोर्तुगीजमध्येसुद्धा फामिलिया," ती म्हणाली. "फ्रेंचांचा तोच, जर्मनांचा तोच. थोडा थोडा बदललाय, एवढंच. या सगळ्या शब्दांची आई लॅटिन. पाद्री प्रार्थना म्हणतात ना, ती भाषा."

"म्हंजे त्या शब्दाचीच मोठी फ्यामिली हाय म्हना!"

दोघं खळखळून हसली. माझ्या हातातली भाकर मोडली. माझ्याशी तो कधी असा हसून बोलला नव्हता. माझ्याशी बोलणं म्हणजे मीठ, तेल, आईचं औषध. त्या दिवशी तिच्या चहात मी साखर घातलीच नाही. तिनं तो मुकाट्यानं पिऊन टाकला. सासूबाईंना मात्र सगळं कळत होतं. म्हणाल्या, "पोरी, जळल्यानं चूल पेटत नाही."

पण मी जळतच राहिले. तिचे बूट, तिचं वाचणं, तिच्यापुढे नवऱ्याचा मऊ होणारा आवाज, सगळं सलायचं.

मग एकदा तो कंपनीच्या कामानं अमरावतीला गेला आणि नेमकी ती आली. सासूबाईंची पट्टी बांधून झाल्यावर मी दारात आडवी उभी राहिले.

"तुमी त्यायले काय शिकवून राहिल्या?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही. "शब्द," म्हणाली. "ते विचारतात, मी सांगते."

"मंग मलेही सांगा. मले ते फ्यामिली म्हनतात. पयल्यांदा कोनाले म्हनत होते तसं?"

ती थोडी घुटमळली, मग खाली बसली. "बायकोला नव्हे. लॅटिनमध्ये फामुलुस म्हणजे चाकर. त्यावरून फामिलिया, म्हणजे एका धन्याचे सगळे गुलाम-नोकर. पुढे त्याच्या हुकमातली बायको-मुलंही त्यात धरली गेली. कित्येक पिढ्यांनी चाकर त्या शब्दातून बाहेर गेले."

"अन् बायको राहिली?"

"राहिली."

"हे त्यायले सांगतलं तुमी?"

"त्यांनी विचारलं नाही."

आम्ही दोघीही हसलो, आणि त्याच क्षणी मला तिचा पहिल्यापेक्षा जास्त हेवा वाटला. नवऱ्यामुळे नाही, तर एवढं सगळं तिच्या डोक्यात होतं आणि माझ्या डोक्यात नव्हतं म्हणून. मी म्हटलं, "मले वाचाले शिकवा."

नवरा परतला त्या संध्याकाळी कचेरीतला सोबती आला. "आमची फ्यामिली चहा आनते," नवरा म्हणाला. पाहुणा गेल्यावर मी सांगितलं, "मले तसं म्हनू नका. त्याचा अर्थ चाकर."

"कोनं सांगतलं?"

"तुमच्या बाईनं."

तो लहान आवाजात म्हणाला, "मले नाही सांगतलं तिनं थे." अर्थापेक्षा त्याला हेच जास्त लागलं होतं.

सासूबाईंचा पाय बरा झाला. तरी ती दर रविवारी प्रार्थना आटोपून यायची, पण आता थेट स्वयंपाकघरात. जमिनीवर राख पसरून मी अक्षरं काढायची, ती चुका पुसायची. ओसरीवर नवरा उगाच खोकायचा. तिला निरोप द्यायला आम्ही बाहेर आलो की विचारायचा, "काय बोलून राहिल्या इतकं?"

एका रविवारी तो दारातच येऊन उभा राहिला. "मीबी बसू का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण ती मला कुणाबरोबर वाटून घ्यायची नव्हती.

"आज नाही," मी म्हटलं.

त्यानं टोपी घातली आणि तो मोर्णा नदीच्या बाजूला निघून गेला. मी पुन्हा राखेत बोट ठेवलं.