खिडकीतली वस्ताद

मी आयुष्यात एकही कुस्ती खेळलेली नाही, आणि तरी माझ्यामुळं निदान दहा-बारा पैलवान चितपट झालेत. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. ज्यांची पाठ मातीला लागली ते हसत नाहीत.

आमचं घर तालमीच्या पाठीला पाठ लावून. माडीवरची खिडकी थेट हौद्यावर उघडायची, म्हणजे तांबड्या मातीच्या त्या आखाड्यावर. बाईमाणसानं तालमीत पाऊल टाकायचं नाही हा तेव्हाचा कायदा, पण खिडकी बंद करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी तिथं बसून तांदूळ निवडायची. खालची पोरं एकमेकांचे दंड बघायची, मान बघायची. मला वरून दिसायचे ते पाय. पैलवान कुठं झेपावणार हे त्याच्या पायाला त्याच्या आधी कळतं, हे मला दहाव्या-अकराव्या वर्षीच समजलं. "आई, आता ह्यो पडतोय बघ," म्हणायचं, आणि तो पडायचाच. आई म्हणायची, "तू खडे बघ. भातात खडा निघाला तर तुझे आबा ताट भिरकावतील."

हा डोळा एकदा उघडला की मिटत नाही. जोतिबाच्या एसटीत कोण उठणार आणि कुठली सीट मोकळी होणार हे मला आधी कळतं. मला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलाच्या आईचा सगळा भार मागच्या पायावर होता. मी आत जाऊन आईला सांगितलं, दुसऱ्यांदा चिवडा देऊ नको, नकार येतोय. आईनं दिला. तिसऱ्या दिवशी नकार आला, चिवडा फुकट गेला.

माझा भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आबा जुने पैलवान. स्वतःच्या हातून जे राहिलं ते सगळं त्यांनी ह्या एका पोराच्या अंगावर टाकलेलं. तो हौद्यात उतरला की मी खिडकीतून ओरडायची, "वाक! आत जा! सोड, सोड!" आणि त्याचं अंग ऐकायचं. डोक्यात शिरायच्या आधी हातापायात शिरायचं. पोरगं कुस्त्या मारायला लागलं. आबा गल्लीभर सांगत सुटले, "बदामाचा गुण हाय!" अरे वा! मग तेच बदाम खाऊन बाकीची पोरं का आडवी होतात? पण हे बापाला विचारणार कोण?

पुढं मी शाहूपुरीत ब्लाउज शिवायच्या दुकानात लागले. खिडकी सुटली आणि भाऊ ओळीनं तीन कुस्त्या हरला. तिसऱ्यांदा माती झाडत घरी आला तेव्हा आबांनी जेवणाच्या ताटावरच निकाल लावला. "आता ह्या जत्रंत पडलास तर लंगोट पेटीत. मामाच्या दुकानात जा आणि पंपाच्या मोटारी खोलत बस!" भाऊ मान खाली घालून आमटी भुरकत राहिला. ती खाली गेलेली मान बघून मी पेटले. म्हटलं, माझा भाऊ मोटारी खोलणार? मी जिवंत असताना?

जत्रेतली जोड ठरली ती सीमेकडच्या एका पैलवानाशी. दरवाजातून आडवं होऊनच जावं लागेल एवढा गडी. त्याच्या कुस्त्या मोबाईलवर होत्या. मशीनवर बसून मी त्या इतक्या वेळा बघितल्या की एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. पण सापडलं! मानेला हात घालायच्या आधी गड्याचा उजवा पाय वीतभर पुढं यायचा. दर खेपेला. भावाला म्हटलं, "पाय आला की पट काढ." पट काढायचा म्हणजे खाली वाकून पाय धरायचा आणि ओढून पाडायचा. भाऊ म्हणाला, "बरं आक्का." एवढंच.

गाव नृसिंहवाडीच्या अलीकडं. जत्रेला आलेला पैलवान गावात कुणाच्या तरी घरी जेवतोच, ती तिथली रीतच. आम्ही ज्यांच्याकडं उतरलो ते जैन शेतकरी, त्यामुळं मटणाऐवजी पुरणपोळी आणि कटाची आमटी. आणि बाहेरच्या सोप्यात भावाच्या मांडीला मांडी लावून जेवायला कोण? तोच गडी! त्यालाही तेच घर लागलेलं. आबा आधीच मैदानाकडं गेलेले, मी आत बायकांच्या पंगतीत. पहिला घास तोंडात घालते तोवर भावाचा आवाज आला.

"तुमचा उजवा पाय लई फुडं येतोय बगा पावणं. आमची आक्का म्हणली, तितंच पट काढ."

माझा घास घशातच अडकला. घरमालकीणबाईंनी पाण्याचा तांब्या दिला. बाहेर तो गडी समाधानानं म्हणत होता, "व्हय? बरं झालं सांगितलंसा. तूप घ्या की."

हात धुवायला भाऊ परसात आला तसा मी त्याचा दंड धरला. "तोंड हाय का कर्णा? महिनाभर डोळं फोडून बघितलं ते ह्येला वाढून टाकलंस?" तो म्हणाला, "पावणा हाय गं. चांगला माणूस हाय." काय बोलायचं ह्याला? आमच्याकडची माणसं पाहुण्याला पोटातलं सगळं सांगून मोकळी होतात हे खरं, पण ज्याच्याशी तीन तासांनी झुंजायचं त्याला?

मग डोकं थंड केलं. आता तो उजवा पाय मागं ठेवणार. म्हणजे डावा पुढं. जन्मात कधी डावा पुढं ठेवला नसणार, सगळा भार त्याच्यावर पडणार. पण हे भावाला सांगायचं नाही, नाहीतर विडा खाता खाता तेही सांगून येईल.

मैदानाला आता बायकाही बसतात. मी पुढच्या रांगेत घुसले. सलामी झडली, हलगी कडाडली. गडी उजवा पाय मागं ओढून उभा, अवघडलेला. भाऊ नुसता गोल फिरत होता. लोक ओरडायला लागले, "कुस्ती करा की रं!" गड्यानं मानेला हात घातला, डावा पाय पुढं आला, आणि मी बेंबीच्या देठापासून किंचाळले, "डावाऽऽ! पट काढऽऽ!"

भाऊ वाकला. पापणी लवायच्या आत तो डोंगर आडवा झाला होता. पाठ लागली. लोकांनी फेटे उडवले. आबा रडत होते, हसत होते, दिसेल त्याला मिठी मारत होते. "अजून पाच वर्षं!" ते ओरडत होते. "पाच वर्षं ह्येला सोडत न्हाय आता!"

भाऊ लोकांच्या खांद्यावरून उतरून माझ्याकडं आला. चेहऱ्यावर माती, आणि मातीतून पाण्याच्या दोन रेघा. मी म्हटलं, "रडतोस काय येड्या? जिंकलास की!"

"आक्का, मी मुद्दाम सांगितलंतं त्येला." तो हळू आवाजात म्हणाला. "मला मोटारी खोलायच्या हायेत. तीन कुस्त्या पडून दाखवल्या. ही चौथी पडलो असतो की सुटलो असतो. तुझा आवाज आला आणि हात आपोआप गेलं. कशाला वरडलीस?"

साऱ्या जिल्ह्याचे पाय मला दिसतात आणि लहानपणी कडेवर घेऊन वाढवलेला हा दिसला नाही. स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली. मी त्याचा मातकट हात धरला आणि गर्दीतून थेट आबांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"आबा, ही कुस्ती मी मारलीय. ह्याआधीच्यापण मीच. ह्येला कुस्ती नको हाय. सोडा ह्येला."

आबांनी एकदा पोराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. आता कानाखाली बसणार म्हणून मी गाल तयार ठेवला.

"त्येचा डावा पाय फुडं येणार," आबा सावकाश म्हणाले, "ह्ये तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. दिसलं."

"कसं दिसलं?"

मी सांगायला लागले. मग आबा मातीत उकिडवे बसले, बोटानं पायांच्या खुणा काढायला लागले, "आन् भार टाचंवर असला तर?" विचारायला लागले. मीही बसले. जन्मात पहिल्यांदा बाप मला काहीतरी विचारत होता. भाऊ जरा वेळ आमच्या डोक्यावर उभा राहिला, मग आंघोळ करून, पँट-शर्ट घालून, मामाला फोन लावत एसटीकडं निघून गेला. तो गेल्याचं आम्हा दोघांना मैदान रिकामं झाल्यावर कळलं.