पाच गाड्या, पाच गोळ्या

मोताळ्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर घड्याळ वापरायचा नाही. त्याचा सगळा भरवसा एस.टी.वर. आईच्या डोळ्याच्या पडद्याला विषाणूनं धरलं, तेव्हा डॉक्टरांनी नुकत्याच निघालेल्या गोळ्या नागपूरहून मागवल्या. दिवसाला पाच, वेळ चुकली तर नजर जाईल, म्हणाले. आईला घड्याळ कळत नव्हतं. कंपाउंडर मात्र खुशीत होता.

"बुलढाण्याची पहिली गाडी गेली का एक, मलकापूरची आली का दुसरी," असं करत त्यानं पाचही गाड्या सांगितल्या. "भोंगा आयकू येते ना तुले, मावशी?"

एके दिवशी दुपारची गाडी आलीच नाही. आई गोळी हातात धरून ओट्यावर बसून राहिली. मी घड्याळ दाखवलं, तरी ऐकेना.

"गाडी कुठी आली अजून?"

तेवढ्यात कंपाउंडर भर उन्हात सायकल दामटत आला आणि दारातच त्यानं तोंडानं भोंगा वाजवला.

"मावशी, गाडी घाटात बंद पडली. आज मीच गाडी! घे गोळी."

डोळा वाचला. पुढं वळणावर त्याची सायकल माझ्याआधी आईलाच दिसायची. ती लगेच पाण्याचा गिलास भरायची, आता त्याच्यासाठी.