एक दात पुढे

गुणवंता ढोबळे रामाकोन्यात विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. १९८९च्या हिवाळ्यात सौंसरच्या डॉक्टर उर्मिलाबाईंची डिझेल कार त्याच्या दुकानासमोरच बंद पडली. लोक धक्का मारायला धावले. गुणवंतानं सगळ्यांना थांबवलं, इंजिनाचं पुढचं झाकण खोललं आणि तुटलेला रबरी पट्टा ओढून काढला.

"इंजिनात पट्टा? मी तं पीठगिरणीतच पाह्यला होता," तो हसत म्हणाला. "मॅडम, झडपा हाच पट्टा हालवते, आता चाबी फिरवू नका. पट्टा तुटला का पिस्टन झडपांवर आदळते."

"म्हणजे इंजिन उघडावं लागेल?"

"हो. पेशंट इथंच भरती करा."

चार झडपा वाकल्या होत्या. नव्या झडपा आणि पट्टा नागपूरहून बसनं आले. रविवारी गुणवंता पट्टा चढवत होता, तेव्हा डॉक्टरबाई मुद्दाम पाहायला आल्या. त्यानं वरच्या-खालच्या दातेरी चाकांच्या खुणा जुळवल्या आणि इंजिन हातानं दोनदा फिरवून पाहिलं.

"गुणवंताभाऊ, वरची खूण एक दात पुढे दिसते."

त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बाई बरोबर होत्या. "चालू केलं असतं तं नव्या झडपाही गेल्या असत्या," तो म्हणाला आणि पट्टा उतरवून पुन्हा चढवला. मग चावी फिरवताच इंजिन पहिल्याच सेलला लागलं.

पुढे पट्ट्याची गाडी आली, की गुणवंता घरात बायकोला हाक मारायचा, "कलाबाई, ये वो, जरा खुणा पाहून जाय."